गर्जेल तो पडेलही

‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण आपण शाळेत पाठ केली आणि पुढे जन्मभर बोलघेवड्या माणसांना उद्देशून वापरली. म्हणीचा रोख माणसावर आहे, मेघावर नाही, हे खरे. तथापि ज्याअर्थी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्याअर्थी आकाशाकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतकऱ्याच्या अनुभवाचाही तिला काही आधार असलाच पाहिजे. श्रावणातला पाऊस गाजावाजा न करता दिवसचे दिवस पडत राहतो, आणि वैशाखातले ढग मात्र गडगडाट करून कोरडेच निघून जातात. हा अनुभव खोटा नाही. परंतु तो अर्धाच आहे. त्याच शेतकऱ्याला हस्त नक्षत्रातला, सोंडेने ओतल्यासारखा कोसळणारा हत्तीचा पाऊसही ठाऊक असतो आणि तो गर्जत येतो हेही ठाऊक असते. गर्जना आणि पर्जन्य यांचे नाते नेमके काय, हा प्रश्न आजवर म्हणींच्या आणि नक्षत्रांच्या हवाली होता. आता तो वेधशाळांच्या हाती आला आहे, आणि त्याच्या उत्तरावर नदीकाठच्या हजारो कुटुंबांचा जीव अवलंबून आहे. म्हणूनच हा विषय केवळ शास्त्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

वर्धा नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना हे पटवून देण्यासाठी दूरची उदाहरणे शोधण्याची गरज नाही. ३० जुलै १९९१ या दिवशी नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यात मोवाड या वर्धेकाठच्या गावात पूर शिरला आणि दोनशेहून अधिक माणसे त्यात गेली. बाजारपेठ असलेले, नांदते गाव उद्ध्वस्त झाले आणि वाचलेल्यांना पुढे नव्या जागी घरे बांधून द्यावी लागली. आजही मोवाडमध्ये ३० जुलै हा दिवस स्मरणाचा दिवस असतो. मोवाड हे आपल्या जिल्ह्याबाहेरचे गाव असले तरी नदी तीच आहे. ती मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातील मुलताई तालुक्यात, सातपुड्याच्या पठारावर उगम पावते, उतारावरून वेगाने खाली येते आणि मग वर्धा जिल्ह्याची उत्तरेची व पश्चिमेची सीमा आखत पुलगावपाशी, पुढे हिंगणघाट तालुक्याच्या कडेने, दक्षिणेस जाते. मुलताई ते मोवाड हे अंतर सरळ रेषेत मोजले तर पन्नास किलोमीटरही भरत नाही. पुराचे पाणी सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाने धावते असे धरले, तर तासाला सात ते दहा किलोमीटर झाले. म्हणजे वर पाऊस पडल्यापासून खाली पाणी दारात येईपर्यंत हातात असतात ते मोजके तास. हे तास रात्रीचे असले तर झोपेतच संपतात.

डोंगरउतारावरचा पूर आणि सपाटीवरचा पूर यांतला खरा भेद हाच आहे. गंगेचा किंवा गोदावरीचा पूर दिवसांच्या हिशेबाने चढतो. वरच्या मोजपट्टीवर पाणी किती आहे हे पाहून खालच्या गावाला निरोप धाडता येतो. उलट पाऊस सुरू झाल्यापासून साधारण सहा तासांच्या आत जो पूर येतो, त्याला जागतिक हवामान संघटनेने वेगळ्या वर्गात घातले आहे. मराठीत त्याला आपण अचानक आलेला पूर म्हणतो. लोंढा हा जुना शब्द त्याला अधिक शोभतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या व्याख्येनुसार वीस ते तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात शंभर मिलीमीटर पाऊस झाला तर ती ढगफुटी होय. शाळेच्या फळ्यावर हे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी. त्या हिशेबाने वीस चौरस किलोमीटरवर शंभर मिलीमीटर म्हणजे दोनशे कोटी लीटर. तासाभरात एवढे पाणी एखाद्या नाल्यात उतरले, तर त्या नाल्याची नदी व्हायला आणि नदीचा काळ व्हायला किती वेळ लागेल?

हा पाऊस मोजायचा कसा, येथून अडचणींना प्रारंभ होतो. पर्जन्यमापक हे साधे व भरवशाचे यंत्र आहे, पण ते जिथे उभे असते तिथलाच पाऊस त्याला कळतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या मापकाने ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदवला. त्याच दिवशी कुलाब्याच्या मापकात शंभर मिलीमीटरही नव्हते. लेहचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ५ व ६ ऑगस्ट २०१० च्या मधल्या रात्री तिथे ढगफुटी होऊन शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. परंतु लेहच्या हवामान केंद्रात नोंद झाली ती अवघ्या १२.८ मिलीमीटर पावसाची. यंत्र खोटे बोलले नाही. संहार करणारा ढग यंत्राच्या डोक्यावर नव्हता, एवढेच. डोंगराळ मुलखात मापके मुळात विरळ, आणि जिथे ती सर्वांत जास्त हवीत त्या कड्याकपारीत ती ठेवणार कोण व वाचणार कोण?

रडारने ही उणीव बरीचशी भरून काढली आहे. नागपूरला हवामान विभागाचे डॉप्लर रडार आहे आणि त्याची नजर विदर्भावर फिरत असते. परंतु रडारची किरणशलाका सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे. नागपूरपासून मुलताई सुमारे एकशे दहा किलोमीटर दूर आहे. तेथे पोहोचेपर्यंत सर्वांत खालची शलाकासुद्धा दीड-दोन किलोमीटर उंचीवरून जाते. त्याखाली काय चालले आहे हे तिला दिसत नाही. हिमालयासारख्या उंच मुलखात तर मधला डोंगरच तिची वाट अडवतो. उपग्रह वरून ढगांचे माथे पाहतो. पोटात काय आहे याचा त्याला अंदाजच बांधावा लागतो.

वीज उपयोगाला येते ती नेमकी येथे. ढगात वीज कशी निर्माण होते, याविषयी आज शास्त्रज्ञांत बऱ्यापैकी एकमत आहे. उबदार, दमट हवा वेगाने वर चढली की ढगाचा वरचा भाग गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली जातो. तिथे हिमाचे हलके स्फटिक, गारांचे मऊ कण आणि अतिथंड असूनही न गोठलेले जलबिंदू असे तिन्ही एकत्र नांदतात. या कणांच्या परस्परांवरील आघातांतून विद्युत्‌भार वेगळा होतो. हलके स्फटिक एक भार घेऊन वर जातात, जड कण दुसरा भार घेऊन खाली राहतात, आणि हा ताण असह्य झाला की वीज चमकते. याचा अर्थ असा, की वारंवार चमकणारी वीज ही ढगात जोराचा ऊर्ध्वगामी प्रवाह आणि भरपूर हिम व पाणी असल्याची खूण आहे. मुसळधार, थोड्या वेळात कोसळणाऱ्या पावसाची सामग्रीही बहुतांशी हीच. कित्येक वादळांत असे आढळून आले आहे, की विजांची संख्या एकाएकी वाढते आणि त्यानंतर काही मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने, जमिनीवरचा पाऊस आपल्या शिगेला पोहोचतो. ज्या पुरात मोजके तासच हाती असतात, तिथे या अर्ध्या तासाचे मोल निराळे सांगायला नको.

शिवाय वीज स्वतःची बातमी स्वतःच देते. प्रत्येक लखलखाटाबरोबर रेडिओलहरी बाहेर पडतात. आकाशवाणीच्या जुन्या संचावर वादळात जी खरखर ऐकू येई ती हीच. निरनिराळ्या ठिकाणच्या संवेदकांवर ही लहर अत्यल्प अंतराने पोहोचते. त्या वेळेतील फरकावरून वीज कुठे चमकली हे काढता येते. या लहरींना डोंगर फारसा आडवा येत नाही आणि दोन राज्यांची सीमा तर मुळीच येत नाही. पाऊस मुलताईत पडतो आणि माणसे मोवाडमध्ये मरतात, अशा खोऱ्यासाठी ही गोष्ट लहान नव्हे.

हा केवळ तर्क नाही. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत शरद ऋतूत डोंगरउतारांवरून असेच लोंढे येतात. युरोपीय संघाच्या साहाय्याने २००६ ते २०१० या काळात तेथील अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी तेल अवीव विद्यापीठाचे कॉलिन प्राइस यांच्या नेतृत्वाखाली एक संयुक्त प्रकल्प राबवला. पूर आणणारी तेवीस वादळे त्यांनी निवडली आणि विजांच्या नोंदी, पावसाचे अंदाज व हवामानाची प्रारूपे एकमेकांवर ठेवून पाहिली. वादळ कोणत्या दिशेने सरकते आहे आणि पुढच्या काही तासांत कुठे बरसेल, हे विजांच्या मागावरून सांगण्याची साधने त्यातून तयार झाली.

आपल्याकडेही साधनांचा दुष्काळ नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजांची जागा टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे प्रथम महाराष्ट्रात उभे केले आणि पुढे ते देशभर पसरवले. त्यावर आधारलेले ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन आज कोणालाही विनामूल्य मिळते. आपल्याभोवती वीस व चाळीस किलोमीटरच्या टापूत गेल्या काही मिनिटांत वीज कुठे पडली हे ते दाखवते. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात आणि त्यांत शेतात राबणाऱ्यांचा भरणा मोठा असतो. त्यांना सावध करणे हा या साधनाचा मुख्य हेतू, आणि तो योग्यच आहे. राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळागणिक एक याप्रमाणे दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. हवामान विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश व श्रीलंका या देशांसाठी अचानक येणाऱ्या पुरांविषयी मार्गदर्शन करणारी व्यवस्था सुरू केली. केंद्रीय जल आयोग आणि राज्याचा जलसंपदा विभाग नद्यांची पातळी मोजतात. अशा रीतीने विजेची नोंद एका ठिकाणी, पावसाची दुसऱ्या, नदीच्या पातळीची तिसऱ्या, असा हा संसार आहे. प्रत्येकाचे काम आपापल्या जागी चोख असेलही. पण पूर काही खातेनिहाय येत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे, आणि ती देताना आरंभीच्या म्हणीकडे पुन्हा वळावे लागते. गर्जणारा मेघ पडतो हे खरे, पण न गर्जणाराही पडतो. बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भावरून सरकतात तेव्हा कित्येकदा दोन-दोन दिवस संततधार लागते आणि वीज मात्र क्वचितच चमकते. अशा ढगांत पाणी अमाप असते, परंतु ऊर्ध्वगामी प्रवाह सौम्य असल्यामुळे विद्युत्‌भार तितकासा साचत नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा आषाढातला पाऊसही बहुधा असाच अबोल असतो. तेव्हा केवळ विजांवर विसंबणारा माणूस ज्येष्ठात आणि आश्विनात सावध राहील, आणि ऐन श्रावणात फसेल. याच्या उलट, नुसत्या गर्जनेवर विश्वासून गावे हलवू लागलो तर वैशाखात रोजच गाव हलवावे लागेल. यातून निघणारा निष्कर्ष विजेची नोंद टाकून द्यावी असा नव्हे. ती रडार, पर्जन्यमापक, जमिनीतील ओल आणि नदीची पातळी यांच्या शेजारी ठेवून वाचावी, असा तो आहे. कोणत्या महिन्यात, कोणत्या वाऱ्यात, कोणत्या उतारावर विजेची साक्ष भरवशाची आणि कुठे ती मुकी, हे आपल्याच खोऱ्याच्या अभ्यासातून कळेल. भूमध्य समुद्राचे उत्तर सातपुड्याला जसेच्या तसे लागू पडणार नाही.

म्हणून पहिली मागणी अभ्यासाची आहे. विजांचे जाळे उभे राहिल्यापासून सातपुड्याच्या दक्षिण उतारावर जे जे पूर आले, त्या प्रत्येकाची वीज, पाऊस व पातळी यांची नोंद तासवार एकत्र मांडली जावी. काम अवजड नाही. नागपूर व वर्धा येथील अभियांत्रिकी महाविद्यालये, विद्यापीठाचे भूगोल व भौतिकी विभाग यांना ते सहज पेलण्यासारखे आहे. अट एकच, की नोंदी त्यांच्या हाती पडल्या पाहिजेत. पीकविम्याचे दावे ठरवण्यासाठी जमा होणारा पावसाचा आकडा विद्यार्थ्याला अर्ज-विनंत्यांवाचून का मिळू नये? सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या यंत्रणेची नोंद ही सार्वजनिक संपत्ती आहे, हे तत्त्व बोलण्यात सर्वांनाच मान्य असते. टेबलावर अर्ज गेला की त्याला पाय फुटतात.

दुसरी मागणी सीमेची. वर्धेचे उगमक्षेत्र मध्य प्रदेशात आणि प्रवाह महाराष्ट्रात आहे. आज मोर्शीजवळ सिंभोरा येथे अप्पर वर्धा धरण उभे आहे, आणि त्याच्या दरवाजांखाली आष्टी, आर्वी, देवळी या तालुक्यांतील काठ येतो. वरच्या अंगाला काय कोसळणार आहे हे दोन-तीन तास आधी कळले, तर दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडता येतात. उशिरा कळले, तर एकदम उघडावे लागतात, आणि निसर्गाच्या पुरावर माणसाच्या पुराची भर पडते. परंतु धरणाने सर्व प्रश्न मिटला असेही मानू नये. धाम, बोर, यशोदा, वणा या नद्या धरणाला वळसा घालून, आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेकडील टेकड्यांचे पाणी घेऊन येतात. पवनारला आश्रमाच्या पायथ्याशी खडकांतून वाहणारी शांत धाम ज्यांनी उन्हाळ्यात पाहिली आहे, त्यांनी तिला एकदा भरपावसात पाहावे. अशा लहान खोऱ्यांत इशाऱ्याचा अवधी मोठ्या नदीहूनही थोडा असतो. मुलताईपासून हिंगणघाटपर्यंत सर्व खोऱ्याची नोंद एकाच पटावर, एकाच वेळी, दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना दिसेल अशी व्यवस्था हवी.

तिसरी मागणी भाषेची व विश्वासाची. खोट्या इशाऱ्याने लोकांचा विश्वास उडतो, असा आक्षेप अधिकारी नेहमी घेतात. आक्षेप निराधार नाही. तीनदा रात्री उठवले आणि पाणी आले नाही, तर चौथ्यांदा कोण उठेल? पण याचे उत्तर इशारा न देणे हे नाही. इशारा प्रामाणिक शब्दांत देणे हे आहे. ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह मुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे, की ते आता कानावरून जाते. त्याऐवजी ‘अमुक नाल्याच्या वरच्या अंगाला तासाभरापासून जोराचा पाऊस आहे, सायंकाळी सातनंतर रपट्यावरून जाऊ नका’, असे तलाठ्याने, ग्रामसेवकाने किंवा शाळेच्या मास्तरांनी सांगितले, तर ऐकणारा थांबतो. पाणी आलेच नाही, तर का आले नाही हेही दुसऱ्या दिवशी सांगावे. खुलासा करणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात. मौन पाळणाऱ्यावर ठेवत नाहीत. फसलेल्या इशाऱ्याची किंमत एका रात्रीची झोप असते. न दिलेल्या इशाऱ्याची किंमत मोवाडने मोजली आहे.

या कामात शाळांचा वाटा कोणी गृहीत धरत नाही, याचे नवल वाटते. साधा पर्जन्यमापक ही फार खर्चाची वस्तू नव्हे. उत्तरेकडील टेकड्यांतल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत तो असावा; सकाळी प्रार्थनेनंतर दोन मुलांनी पाणी मोजावे, आदल्या दिवशी गडगडाट केव्हा ऐकू आला व पाऊस केव्हा सुरू झाला हे वहीत लिहावे, आणि वर्षअखेर ती वही महाविद्यालयाकडे जावी. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून त्यांना तिनाने भागले, की वीज किती किलोमीटरवर होती हे कळते. मुलाला ध्वनीचा वेग शिकवायला याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकात सापडेल? ज्या मुलाने पाच वर्षे आपल्या नाल्याचा पाऊस मोजला, त्याला पुढे पुराचा इशारा समजावून सांगावा लागणार नाही.

निसर्गाने अन्याय केला, असे म्हणून हात झटकण्याचे दिवस गेले. १९९१ साली सातपुड्यावर जमलेल्या ढगांची बातमी खाली वेळेवर आणून देणारी साधने नव्हती, असे म्हणता येईल. आज ते म्हणता येणार नाही. आकाश प्रत्येक लखलखाटागणिक आपली जागा सांगते, आणि ती टिपून घेणारी यंत्रेही उभी आहेत. उरते ते ही टिपणे एकत्र वाचण्याचे आणि वाचलेले नदीकाठच्या घरापर्यंत वेळेत पोहोचवण्याचे काम. त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. दोन राज्यांनी आणि चार खात्यांनी एका पटाभोवती बसावे लागते, एवढेच. पुढच्या ३० जुलैला मोवाडमध्ये दिवे लावले जातील, तेव्हा तरी ही बैठक झालेली असावी.